शालनच्या अंगणातला पहाटवारा

२०४३ सालच्या सुरुवातीला हे घडलं. त्या वर्षी कुल्लूच्या वरच्या अंगाला, शिल्हाण नावाच्या छोट्या गावात, पौषात जो बर्फ सुरू झाला तो माघ सरत आला तरी थांबायचं नाव घेईना. आज त्या बर्फाची गोष्ट सांगू लागलं की तरुण माणसं हळूच हसतात, म्हातारी माणसं वाढवून सांगतात म्हणतात. पण सफरचंदाच्या झाडांचे नुसते शेंडे वर दिसत होते आणि लोक माडीच्या खिडकीतून ये-जा करत होते, हे डोळ्यांनी पाहिलेले अजून आहेत.

शालन निकम तेव्हा साठीला टेकली होती. तिचं माहेर आणि सासर दोन्ही सांगली जिल्ह्यातल्या खानापूरच्या माळावरचं. तिकडची माणसं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात, त्यापायी देशभर पांगलेली. गलाईवाले म्हणतात त्यांना. तिचा नवरा हिंदुराव लग्न झाल्यावर तिला घेऊन थेट हिमाचलात आला. खालच्या बाजारात त्यानं भट्टी लावली आणि वर शिल्हाणला भाड्यानं घर घेतलं. पहिल्यांदा बर्फ पाहिला तेव्हा शालनला वाटलं, कुणीतरी अख्खा डोंगर दह्यानं सारवलाय. पाण्याच्या टँकरमागं धावत वाढलेली पोर ती. बर्फ म्हणजे पाणीच हे कळल्यावर पहिला हिवाळाभर ती पातेली भरून बर्फ घरात आणून ठेवायची. शेजारची देवकू तिला हसायची.

देवकू तिच्याच वयाची. दोन अंगणांमध्ये कमरेएवढी दगडी भिंत. तीस-पस्तीस वर्षं रोज सकाळी दोघी त्या भिंतीला टेकून समोरच्या डोंगराच्या धारेकडे बघत उभ्या राहायच्या.

"पडेल का गं आज, मराठण?"

"तुझा डोंगर, तुला ठाऊक."

कधी पडायचा, कधी नाही. अंदाज चुकला की दोघींचे कपडे मिळून भिजायचे. शालनला लहानपणचा रेडिओ आठवायचा. तो सांगायचा, तुरळक ठिकाणी पाऊस पडेल, आणि अख्खं गाव म्हणायचं, ते ठिकाण आपलं नाही. तेव्हा आभाळ साऱ्या गावाला मिळून एकच असायचं.

मग अंगणअंदाज आला.

पूर्वी संगणक सगळ्या प्रदेशावर चौकटींचं जाळं टाकून हवामान सांगायचा. एकेक चौकट काही किलोमीटरची, आणि तिच्यात एकच तापमान, एकच वारा. सपाट मुलखात ते चालून जायचं. डोंगरात मात्र एकाच चौकटीत दरी यायची, कडा यायचा, उन्हाचा उतार आणि सावलीचा उतारही यायचा. यंत्र सगळ्यांची सरासरी काढायचं आणि ती कुणालाच लागू पडायची नाही. नव्या यंत्राची चौकट एका अंगणाएवढी होती. प्रत्येक घरापुढं एक खांब रोवला. तो हवेचा दाब, ओल आणि थंडी मोजायचा. शिवाय खांबाच्या टोकावरून खालच्या पांढऱ्या फळीवर आवाजाची लहर सोडायचा, आणि ती किती वेळात परत येते त्यावरून फळीवर किती बर्फ साचलाय ते ओळखायचा.

खरी करामत त्यापुढं होती. रोज सकाळी यंत्र आपला कालचा अंदाज आणि खांबानं पाठवलेलं माप समोरासमोर ठेवायचं. जमलं नाही, तर का जमलं नाही याचं कारण स्वतःच शोधायचं आणि पुढच्या अंदाजात ते धरायचं. वारा तेवढा खांब मोजत नव्हता, कारण वारा मोजायची फिरकी बर्फात गोठून बसते. तो यंत्र हिशेबानंच काढायचं.

हे खांब रोवणाऱ्या संस्थेत शालनची मुलगी ऋतुजा शास्त्रज्ञ होती. शिल्हाणात वाढलेली, पुण्याला शिकलेली आणि आता पुण्यातूनच सारा डोंगर पडद्यावर बघणारी. पहिला खांब तिनं आईच्याच अंगणात रोवला.

"आई, या खांबाला कुणी हात लावायचा नाही. तूसुद्धा."

"मी कशाला लावतीय हात?"

आणि शालननं खरोखरच कधी हात लावला नाही.

दोन-तीन वर्षांत गाव बदलून गेलं. सकाळी प्रत्येकाच्या फोनवर आपापल्या अंगणाचा रंग यायचा. हिरवा म्हणजे बिनघोर, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे धोका. लाल घरची पोरं शाळेत जायची नाहीत, हिरव्या घरची जायची. भिंतीला टेकून धारेकडे बघणं बंद पडलं. बघायचं काय, फोनवर लिहिलेलं असायचं. त्या हिवाळ्यात तर गोंधळच झाला. देवकूचं अंगण लाल, आणि हातभर भिंतीपलीकडं शालनचं हिरवं.

"मुलगी मोठ्या नोकरीला असली की आभाळपण वेगळं मिळतं," देवकू भिंतीवरून म्हणाली.

"असं काय बोलतेस? बर्फ काय तुझ्याकडं निराळा पडतो?"

"ते तुझ्या मशीनला विचार."

देवकू हसत बोलली होती, पण नंतर आठवडाभर ती भिंतीशी आली नाही. शालनला काही उमगेना. बर्फ तिच्याही छपरावर पडत होता, हिंदुराव रोज फावड्यानं ओढून काढत होता. तिनं ऋतुजाला फोनवर विचारलं.

ऋतुजा उलट खूश झाली. "तेच तर शोधलंय आम्ही, आई. तुझ्या अंगणात बर्फ पडतो, पण टिकत नाही. घराच्या वर जी खिंड आहे ना, तिच्यातून पहाटे थंड जड हवा खाली घसरते आणि बर्फ झाडून नेते. पाण्याचा ओढा असतो तसा वाऱ्याचा ओढा. वरचा उतारही तो असाच हलका ठेवत असणार. त्यावर निबंध लिहितेय मी. परदेशात वाचायचाय."

"वाऱ्याचा ओढा," शालननं हिंदुरावाला सांगितलं.

"असंल की. पोरगी शिकलीय कशाला?" हिंदुराव म्हणाला.

माघातल्या एका सकाळी वरच्या वस्तीतल्या एक सोडून सगळ्या घरांचा रंग एकदम लाल झाला. वरच्या उतारावर इतका बर्फ साठला होता की हिमकडा कधीही सुटला असता. खाली जाणारा रस्ता तर केव्हाच बुजला होता. हुकूम आला की लाल घरांनी हिरव्या घरात जावं. अख्ख्या वरच्या वस्तीत हिरवं घर एकच होतं, शालनचं.

दुपारपर्यंत शालनचं घर माणसांनी भरलं. गाद्या, कोंबड्या, तान्हं मूल, आणि देवकूचा नवरा मंगतराम. त्याला दमा होता. दोघा पुतण्यांनी त्याला खुर्चीसकट उचलून आणला आणि घर तापवायच्या तंदूर शेगडीजवळ ठेवला. मंगतराम आणि हिंदुराव जुने पत्त्यांचे सोबती.

"निकम, तुझ्या घरी मरण यायचं नाही असं सरकारनं लिहून दिलंय म्हणे," मंगतराम म्हणाला. "मग आज मी हरलो तरी चालेल."

"तू कायम हरतोस ते कशानं मग?"

देवकू चुलीपाशी बसून शालनला पोळ्या लाटू लागत होती. दोघींच्यातली अढी कामात विरघळली. दुसऱ्या दिवशीही दोघी पोळ्या लाटत असताना ऋतुजाचा फोन आला. शालननं तो सगळ्यांना दिसेल असा फडताळावर टेकवून ठेवला. माणसं घाबरलेली होती, त्यांना धीर यावा म्हणून ऋतुजानं पुन्हा सगळं समजावून सांगितलं, या खेपेला हिंदीत. खिंड, जड हवा, वाऱ्याचा ओढा. "या अंगणातला बर्फ रोज पहाटे साफ होतो. गेल्या दोन हिवाळ्यांत एक दिवस चुकलेला नाही."

देवकू खळखळून हसली.

"अगं पोरी, तो वारा इथं माझ्याशेजारी पोळ्या लाटतोय."

"म्हणजे काय, मौसी?"

"म्हणजे तुझी आई. पहाटे उठते आणि अंगण झाडते. मी खिडकीतून बघते ना रोज. ती तुमची पांढरी फळी तर असली चकाचक करते, आणि तिच्यावर राखेनं फुलं काढते. मला वाटलं, मशीनची पूजा असेल तुमच्यात."

खोलीत दोघं-तिघं हसले. फोनमधली ऋतुजा हसली नाही.

"आई."

"मी खांबाला हात लावला नाही."

"फळी, आई. खालची फळी."

"ती तर झाडायलाच लागती की. बिनझाडलेलं अंगण म्हणजे सुतकाचं घर. पाणी शिंपडता येत न्हाई, गोठतं. म्हणून नुसतं झाडते आणि राखेची रांगोळी काढते. फळी कशी गुळगुळीत, चौकोनी. पाटावर काढावी तशी येती तिच्यावर." बोलता बोलता शालनचा आवाज खाली गेला. "तू कधी इचारलंच न्हाईस गं."

ऋतुजा या घरात वाढली होती. आईची झाडण्याची खरखर ऐकत तिनं शाळेची सारी वर्षं उजाडलेलं पाहिलं होतं. पण पडद्यावर आकडा शून्यावर आलेला दिसला तेव्हा तिला खिंड आठवली, जड हवा आठवली, झाडू आठवला नाही. यंत्राला तर झाडू म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. त्याला कारण हवं होतं, आणि त्यानं वारा शोधून काढला. तो वारा मग त्यानं वरच्या उतारावरही वाहवला, आणि घर हिरवं केलं.

"मी पुन्हा चालवते," ऋतुजा म्हणाली. "तुझं अंगण वगळून. थोडा वेळ दे."

देवकूनं शेगडीत लाकूड सारलं. मंगतरामच्या छातीतली शिट्टी तेवढी ऐकू येत होती. फोन पुन्हा आला तेव्हा शालन तो घेऊन माडीच्या खिडकीपाशी गेली.

"निम्म्याला निम्मं येतंय, आई. कडा आला तर तुमच्या घरावर येईल किंवा येणारही नाही. तुझं अंगण काढलं की यंत्राला त्या उताराचं काहीच माहीत नाही. आणि ते नुसतं एक अंगण नाही. शेजारच्यांचे हिशेब तुझ्यावर टेकलेले होते. आता सगळेच डळमळलेत."

"मग आम्ही हितंच ऱ्हायचं का जायचं?"

"मला सांगता येत नाही."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटण्याचा इथं काय संबंध?"

"शास्त्रज्ञाला न्हाई इचारत. पोरीला इचारतीय."

"मला माहीत नाही, आई. खरंच नाही माहीत."

शालनला आयुष्यात असा पेच पडला नव्हता. घर तिचं, म्हणून बोलायचं तिनंच. नाल्यापलीकडच्या धारेवर गावच्या देवतेचं सामान ठेवायचं भांडार होतं; दगड आणि लाकूड एकावर एक रचून बांधलेलं, पिढ्यान्‌पिढ्या उभं असलेलं. तिथं कुणी राहत नव्हतं, म्हणून तिथं खांबही नव्हता. मागोमाग माडीवर आलेल्या हिंदुरावाला ती म्हणाली, तिकडं जाऊ.

"तिथलं तर यंत्राला काहीच ठावं न्हाई," हिंदुराव म्हणाला. "मधी नाला. पार करताना कडा आला तर? हितं शेगडी हाय, छप्पर हाय."

"हितलं तरी कुठं ठावं हाय?"

"कालपर्यंत हिरवं हुतं."

"ते माझ्या झाडूनं हिरवं झालं हुतं, आवं. माझ्या झाडूच्या भरवशावर एवढी माणसं कशी ठेवू?"

"आणि तुझ्या भित्रेपणाच्या भरवशावर बाहेर कशी काढतीस?"

तिनं खाली येऊन सगळ्यांना जसं होतं तसं सांगितलं. ऋतुजाला कळत नाही, मलाही कळत नाही, पण या घरावर विसंबून इथं राहा असं मी कुणाला म्हणणार नाही. माणसं एकमेकांकडे बघू लागली. कुणी म्हणालं थांबू, कुणी म्हणालं निघू. तान्ह्या मुलाच्या आईनं आधी शाल गुंडाळली, मग बाकीचे उठले.

"मला इथंच ठेवा," मंगतराम म्हणाला. "शेगडी सोडून मी नाही यायचा. डाव अर्धा राहिलाय."

"पत्ते बरोबर घे," देवकू म्हणाली, आणि पुतण्यांना तिनं खूण केली.

नाला ओलांडताना कडा आला नाही. उजेड असताना सगळे भांडारात पोचले. आत कोरडं होतं, भिंती जाड होत्या, पण थंडी दगडातून येत होती. हिंदुरावानं कोपऱ्यात फळकुटं रचायला घेतली. देवकूनं त्याचा हात धरला.

"देवाच्या भांडारात आग नाही, भाई."

"मंगतकडं बघ जरा. निळा पडलाय."

"बघते आहे. इथं कुणीही आग लावलेली नाही, मी लावू देणार नाही."

गावातल्या इतर माणसांनी माना खाली घातल्या. शालनला वाटलं, काहीतरी बोलावं. पण तिला स्वतःला पहाटे अंगण झाडल्यावाचून राहवत नव्हतं. देवकूला ती काय सांगणार होती? तिनं आपलं कांबळं मंगतरामवर टाकलं. दोघी त्याच्या दोन बाजूंना चिकटून बसल्या, हिंदुराव पायाशी. तो मंगतरामचे तळवे चोळत राहिला.

"निकम," मंगतराम मधेच म्हणाला, "हुकूम कशाचा होता?"

"बदामाचा."

"मग मी जिंकत होतो."

उजाडलं तेव्हा मंगतराम उरला नव्हता.

त्याच दुपारी कडा सुटला. आधी आवाज आला, जमिनीच्या पोटातून आल्यासारखा, मग वरचा सगळा उतार पांढऱ्या धुरात उठला. धारेवरून सगळे बघत होते. वरची चार घरं गेली. देवकूचा गोठा गेला, घराची एक बाजू गेली, दगडी भिंत गेली. आणि शालनच्या अंगणाच्या वरच्या टोकाशी तो सगळा लोंढा दुभंगला, घराच्या दोन्ही अंगांनी खाली उतरला आणि नाल्यात जाऊन निजला. धूर बसला तेव्हा शालनचं घर जसंच्या तसं उभं होतं. अंगणात खांबसुद्धा सरळ होता.

हिंदुराव पाठ फिरवून उभा राहिला.

मंगतरामचे दिवस शालनच्याच घरी झाले, कारण देवकूच्या घराला छप्पर उरलं नव्हतं. सगळं उरकल्यावर एक दिवस दोघी भांडी घासत असताना देवकू म्हणाली, "घर तर उभं राहिलं, मराठण."

"हो."

"माहीत होतं तुला?"

"नाही."

"मग नेलंस कशाला त्याला?"

"माहीत नव्हतं म्हणूनच."

देवकू हातातलं पातेलं घासत राहिली. "चार घरं गेली. धारेवरून तीही दिसत होती, आणि हे घरही. तेव्हा कोण सांगणार होतं, कुठलं राहील?" मग म्हणाली, "आणि आग मी लावू दिली नाही." यानंतर हा विषय दोघींनी काढला नाही.

ऋतुजा बर्फ वितळल्यावर स्वतः वर खिंडीत गेली. उतारावर बर्फाखाली एखादा खडक आहे का, तिनं पाहिलं. होता, पण लोंढा वळवण्याएवढा मोठा होता का, ते तिला ठरवता येईना. गरम राहणारी फिरकी बसवून तिनं पुढचे हिवाळे वारा मोजला. काही पहाटे तो यायचा आणि खरोखरच बर्फ न्यायचा, काही पहाटे नाही. निबंध तिनं परत घेतला. ती नोकरीतच राहिली, पण वरिष्ठांशी भांडून भांडून पुढच्या हिवाळ्याआधीच यंत्राला तिनं चौथा रंग द्यायला लावला. तो पांढरा. त्याचा अर्थ, आम्हाला माहीत नाही. सुरुवातीला लोकांनी तक्रारी केल्या, असला अंदाज काय कामाचा. पुढं सवय झाली, आणि अजूनही तो चालू आहे.

हिंदुरावानं दोन वर्षांनी भट्टी पुतण्याच्या हवाली केली. शेवटपर्यंत तो येईल-जाईल त्याला सांगायचा की घर हिरवंच होतं. देवकूसमोर मात्र कधी बोलला नाही, आणि पत्ते त्यानं पुन्हा हातात धरले नाहीत. तो गेला तो शिल्हाणातच. नाला ओलांडताना आईच्या कडेवर असलेलं ते तान्हं मूल आता खालच्या बाजारात दुकान चालवतं. त्याला यातलं काहीच आठवत नाही.

शालन खानापूरला परत गेली नाही. पुढच्याच हिवाळ्यात, पहिला मोठा बर्फ लागला त्या सकाळी, तिच्या फोनवर पांढरा रंग आला. ती दाराशी उभी राहून वरच्या उताराकडे बघत होती, जावं की राहावं ते कळत नव्हतं. तेवढ्यात पाठीवर गादीची वळकटी घेऊन देवकू बर्फातून चालत आली. तिचं घर तोवर पुन्हा उभं राहिलं होतं, छप्परही नवं होतं.

"तुझ्याकडं काय आलं?" शालननं विचारलं.

"पांढरा. तुझ्याकडं?"

"पांढरा."

"मग सरक जरा," देवकू म्हणाली, आणि आत येऊन तिनं शेगडीपाशी गादी पसरली.